वाचकांचे प्रश्न : ‘प्रभू, मी तो आहे का?’

दुःखसहनाचा आठवडा, म्हणजे ईस्टरपूर्वीचा आठवडा, संपला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रभू येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याचे नाव हमखास असते. यंदा आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी आटोपशीर केली असून, पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपदेशात आमच्या पाळकसाहेबांनी सांगितले की यहूदाने तीस नाण्यांच्या लोभापायी प्रभूला धरून दिले. ज्याने प्रभूची कृत्ये डोळ्यांनी पाहिली, तो एवढ्याशा रकमेसाठी असे करील हे मनाला पटत नाही. शिवाय हे सारे शास्त्रात आधीच लिहिलेले होते, तर त्या बिचाऱ्याचा दोष काय? प्रभूनेच त्याला तसे करायला सांगितले होते, असेही हल्ली इंटरनेटवर ऐकायला मिळते. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : शेवटच्या मुद्द्याचा निकाल आधी लावू. आपण ऐकले ते बहुधा ‘यहूदाचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉप्टिक भाषेतील लिखाणाविषयी असावे. ते २००६ साली प्रसिद्ध झाले आणि वर्तमानपत्रांनी त्याचा बराच गाजावाजा केला. या नावाच्या लिखाणाचा उल्लेख बिशप इरेनेयस यांनी इसवी सन १८० च्या सुमारासच केला होता आणि ते ज्ञानवादी, म्हणजे गुप्त ज्ञानाने तारण मिळते असे मानणाऱ्या, पंथातील लोकांनी रचलेले आहे असे म्हटले होते. दुसऱ्या शतकातील एका पंथाची विचारसरणी समजून घेण्यासाठी ते मोलाचे आहे. यहूदाच्या मनात काय होते हे त्यावरून कळत नाही.

आता रकमेविषयी. आपली शंका रास्त आहे, कारण चार शुभवर्तमानांपैकी, म्हणजे बायबलमधील प्रभूच्या चार चरित्रांपैकी, तीस हा आकडा एकट्या मत्तयानेच दिला आहे. मार्क आणि लूक एवढेच सांगतात की याजकांनी पैसे द्यायचे कबूल केले. मत्तयात मात्र यहूदा स्वतः जाऊन विचारतो, ‘मी त्याला तुमच्या स्वाधीन केले तर मला काय द्याल?’ ही नाणी सोर नगरीचे शेकेल असावीत असे सहसा मानले जाते, कारण मंदिराचा कर त्याच नाण्यांत घेतला जाई. असा एक शेकेल म्हणजे चार दीनार, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे की एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती. म्हणजे तीस नाणी ही एकशे वीस दिवसांची, सुमारे चार महिन्यांची मजुरी झाली. जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात, कोणाच्या बैलाने दुसऱ्याच्या दासाला शिंगाने मारले तर दासाच्या मालकाला द्यायची भरपाई नेमकी एवढीच, तीस शेकेल आहे. मत्तयाच्या यहूदी वाचकांना हा आकडा ओळखीचा वाटला असणार.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. बेथानीच्या घरी मरीयेने जटामांसीचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले, तेव्हा यहूदाने त्याची किंमत उभ्या उभ्या सांगितली : तीनशे दीनार. योहानाने हे लिहून ठेवले आहे, आणि लगेच पुढे लिहिले आहे की गोरगरिबांची काळजी होती म्हणून तो असे बोलला नाही. तो चोर होता, प्रभूची व शिष्यांची सामायिक पैशांची थैली त्याच्याजवळ असे आणि तिच्यात जे पडे ते तो काढून घेई. मार्क आणि मत्तय यांच्या कथनात यहूदा याजकांकडे जातो तो या तैलाभ्यंगाच्या प्रसंगानंतर लगेचच. ज्या तेलाची नासाडी झाली म्हणून तो हळहळला, त्या तेलाच्या निम्म्याहूनही कमी किमतीत त्याने तेल ज्याच्यावर ओतले त्यालाच विकले. एवढ्या हिशेबी माणसाने एवढा वाईट सौदा का केला असेल? माझ्या मते आपल्या शंकेचे उत्तर येथेच आहे. आपण असे गृहीत धरता की माणूस मोठा विश्वासघात करतो तो मोठ्या मोबदल्यासाठी. लोभाचा अनुभव तसा नाही. थैलीतून पहिल्यांदा नाणे काढताना यहूदाच्या मनात प्रभूला विकण्याचा विचार असण्याचे काही कारण नाही; पण ज्याच्या समोर रोज बसायचे त्याच्याच थैलीत रोज हात घालायचा, ही सवय जडली की त्या माणसाच्या नजरेला नजर देणे अवघड होते, आणि ज्याच्या नजरेला नजर देता येत नाही तो माणूस नकोसा होऊ लागतो. मग किंमत दुय्यम ठरते.

त्या थैलीत पैसा कोणाचा होता हेही पाहण्याजोगे आहे. लूकाच्या आठव्या अध्यायात मग्दालिया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्याने प्रभूची व बारा जणांची सेवा करीत होत्या असे आले आहे. यहूदाने जे उचलले त्यात या बायकांनी दिलेला पैसा होता, ही गोष्ट उपदेशांमध्ये क्वचितच ऐकू येते.

यहूदा हा देशभक्त होता, रोमी सत्तेविरुद्ध बंड व्हावे म्हणून त्याने प्रभूला कात्रीत पकडले, असा एक तर्क मांडला जातो. तर्क चित्तवेधक आहे, पण शुभवर्तमानांत त्याला आधाराचा एक शब्दही नाही, आणि तो स्वीकारण्यात एक सोय आहे एवढे मला नक्की दिसते : यहूदा उदात्त हेतूने चुकलेला माणूस ठरला, की थैलीचा विषय टळतो.

राहिला भविष्यकथनाचा प्रश्न. प्रभूचे वाक्य दोन भागांचे आहे : मनुष्याचा पुत्र त्याच्याविषयी लिहिल्याप्रमाणे जातो, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची केवढी दुर्दशा होणार! लिहिलेले आहे म्हणून करणारा सुटत नाही, आणि कोणी पाप केले म्हणून देवाची योजना अडत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे, यावर मंडळीतील मोठमोठ्या पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत आणि मी त्यात भर घालणार नाही. मात्र ज्याला बाहुले म्हणून वापरायचे त्याच्या मनधरणीची गरज नसते. प्रभूने त्याचे पाय इतरांबरोबरच धुतले, ताटातला घास स्वतःच्या हाताने त्याला दिला, आणि गेथशेमाने बागेत मशाली घेऊन आलेल्या जमावासमोरही त्याला ‘मित्रा’ म्हणून हाक मारली. अगदी त्या घटकेपर्यंत यहूदाला मागे फिरता येत होते, असेच ही वर्णने वाचताना वाटते.

प्रश्न : मी आमच्या पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीच्या कारभार समितीचा, सभासद आहे. गेल्या तीन वर्षांचे दानार्पणाचे हिशेब सभेपुढे आलेले नाहीत, आणि मंडळीच्या जमिनीचा एक तुकडा विकण्याची बोलणी परस्पर चालू आहेत असे कानांवर येते. लोक खजिनदारांना तोंडावर नाही तरी पाठीमागे ‘यहूदा’ म्हणतात. कुंपणच शेत खात असेल तर आम्ही करावे तरी काय? आणि अशा माणसाच्या बरोबरीने गुडघे टेकून प्रभुभोजन, म्हणजे भाकर व प्याल्याचा संस्कार, घ्यावे का? — एक सभासद, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात तीन गोष्टी आहेत : हिशेब, ते नाव आणि प्रभुभोजन. त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच अनेक मंडळ्यांमध्ये भांडणे वर्षानुवर्षे चिघळतात.

हिशेब मागणे हा अविश्वास नाही, हे पहिल्यांदा मनावर ठसवून घ्या. कमिटीत ‘आमच्यावर तुमचा भरवसा नाही का?’ हा प्रश्न फेकला गेला की भलेभले गप्प बसतात म्हणून हे सांगतो आहे. यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी प्रेषित पौलाने मंडळ्यांमधून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याच्या हातात ठेवली नाही. तीताबरोबर आणखी दोन बांधवांना पाठवले, त्यांपैकी एक तर मंडळ्यांनीच निवडलेला होता, आणि कारणही लिहून ठेवले : या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये, आणि केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही पाहतो. स्वतः प्रेषिताने दुसऱ्या माणसाची देखरेख मागून घेतली असेल, तर खजिनदारांचा मान दुखावतो ही सबब टिकत नाही. दानपेटी दोघांनी मिळून उघडावी, रक्कम तिथल्या तिथे मोजून वहीत लिहावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी ती बँकेत भरावी, एवढी साधी शिस्त जिथे आहे तिथे खजिनदारांच्या नावाला बट्टा लागण्याची पाळी सहसा येत नाही. म्हणजे या व्यवस्थेचा पहिला लाभ खजिनदारांनाच होतो.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाच्या नावावर असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाप्रमाणे हिशेबांची तपासणी करून घेणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे, आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. जमिनीविषयी कानांवर आलेल्या गोष्टींवर चर्चा करीत बसण्यापेक्षा, असा अर्ज झाला आहे का, एवढी एकच गोष्ट लेखी विचारा. तत्पूर्वी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे त्या गृहस्थांना एकट्याने भेटा, मग दोघांतिघांना घेऊन भेटा, आणि नंतरच मंडळीपुढे विषय न्या. हा क्रम अनेकदा नेमका उलटा चालतो : आधी गावभर, आणि त्या माणसाच्या कानांवर सर्वांत शेवटी.

आता ते नाव. या बाबतीत मंडळीचा एक जुना आणि कटू अनुभव आहे. इसवी सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनाने ख्रिस्ती लोकांची पवित्र पुस्तके जप्त करून जाळण्याचा हुकूम काढला. उत्तर आफ्रिकेत काही पाळकांनी जीव वाचवण्यासाठी पुस्तके अधिकाऱ्यांच्या हवाली केली, आणि छळ संपल्यावर त्यांना विश्वासघातकी म्हणून धिक्कारले जाऊ लागले. कोणी खरेच पुस्तके दिली होती, कोणी दुसरीच पुस्तके देऊन वेळ मारून नेली होती, आणि कोणावर नुसताच आळ होता. पण आरोपांनी असे रान पेटवले की कार्थेजची मंडळी दुभंगली आणि अशा पाळकांच्या हातचे संस्कार न मानणाऱ्या दोनातिस्तांचा तो पंथभेद शतकाहून अधिक काळ टिकला. ३१४ साली आर्ल येथे भरलेल्या धर्मसभेने जो निर्णय दिला तो आजही आपल्या कमिटीच्या दफ्तरात लावून ठेवावा असा आहे. पुस्तके हवाली केल्याचे ज्याच्या बाबतीत सरकारी दप्तरातील नोंदींवरून सिद्ध होईल, त्याला पाळकपदावरून दूर करावे; नुसत्या तोंडी आरोपांवर नव्हे. आणि अशा माणसाच्या हातून ज्यांना दीक्षा मिळाली, त्यांची दीक्षा मात्र रद्द होत नाही. ज्यांनी छळ सोसला होता, ज्यांचे आप्त त्या छळात मारले गेले होते, अशा लोकांनी कागद मागितला. आपण पाठीमागे ‘यहूदा’ म्हणतो तेव्हा आपल्याजवळ कोणता कागद असतो?

प्रभुभोजनाविषयीचे उत्तर याच निर्णयाला लागून येते. देणारा किंवा शेजारी बसणारा अपात्र असला म्हणून संस्काराचे मोल घटत नाही, ही भूमिका संत ऑगस्तीन यांनी दोनातिस्तांविरुद्ध पुढे सविस्तर मांडली. लूकाच्या कथनात तर भाकर आणि प्याला दिल्यानंतर प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. त्यावरून यहूदानेही ते भोजन घेतले असे संत ऑगस्तीन आणि पुढे संत थॉमस अक्विनास मानतात. संत हिलरी यांचे मत वेगळे होते. आपण मेजावरून उठून गेलात तर खजिनदारांना शिक्षा होणार नाही, फक्त एक जागा रिकामी राहील. अवश्य जा, आणि सोमवारी हिशेबाचे पत्र द्या.

प्रश्न : यहूदाने गळफास घेतला असे मत्तय म्हणतो, तर तो शेतात पालथा पडून मेला असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. शेतही एका ठिकाणी याजकांनी विकत घेतले आहे, दुसऱ्या ठिकाणी यहूदाने. खरे कोणते मानावे? — बायबल अभ्यासवर्गातील एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन्ही वर्णने जुळवण्याचा प्रयत्न फार जुना आहे, गळफास घेतल्यावर देह खाली कोसळला, आणि याजकांनी यहूदाच्या पैशाने घेतलेले शेत यहूदाच्याच नावे सांगितले गेले, असे समजावले जाते. दुसऱ्या शतकातील पापियास यांनी तर तिसरेच वर्णन दिले आहे, त्यात यहूदाचे शरीर भयंकर सुजते. माझा कल जुळवाजुळव करण्याकडे नाही. पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांमध्ये या मृत्यूच्या दोन आठवणी चालत आल्या, आणि दोन्हींत ‘रक्ताचे शेत’ हे नाव व तो पैसा सारखाच आहे. अभ्यासवर्गात दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचा. मत्तयाच्या उताऱ्यात याजक ती नाणी मंदिराच्या भांडारात टाकायला नकार देतात, कारण ते रक्ताचे मोल आहे; ते मोल ज्यांनी मोजून दिले तेच हे शास्त्र सांगत आहेत. मृत्यूच्या तपशिलापेक्षा या ओळीवर वर्गाने अधिक वेळ घालवावा.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या घरातील एका तरुणाने स्वतःचे जीवन संपवले. त्याच्यावर कर्ज होते आणि त्याने एका नातेवाइकाचे पैसे वापरले होते. अंत्यविधीला आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी सर्वांसमोर यहूदाचे उदाहरण दिले. त्याच्या आईने तेव्हापासून मंदिरात पाऊल टाकलेले नाही. प्रभूचा शिष्य पेत्र यानेही ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून प्रभूला नाकारले होते, मग एकाला क्षमा आणि दुसऱ्याला नाही, असे का? — एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, त्या आईला सर्वांत आधी हे कळवा की मंडळीची शिकवण त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यासारखी नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की ज्यांनी स्वतःचे जीवन संपवले त्यांच्या सार्वकालिक तारणाविषयी आपण आशा सोडू नये. केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तीव्र मानसिक त्रास, मोठी भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, हेही तेथेच सांगितले आहे. मंडळीने अनेकांना संत म्हणून जाहीर केले. अमुक एक माणूस नरकात आहे असे तिने कोणाच्याही बाबतीत जाहीर केलेले नाही, यहूदाच्याही नाही. प्रभूचे त्याच्याविषयीचे शब्द कठोर आहेत, ते कोणी पुसू नयेत, पण ते शब्द उच्चारण्याचा अधिकार प्रभूचा होता, अंत्यविधीला आलेल्या पाहुण्याचा नव्हे.

फ्रान्समध्ये वेझले येथे मग्दालिया मरीयेच्या नावाचे बाराव्या शतकातील मंदिर आहे. त्याच्या एका खांबाच्या माथ्यावर दोन बाजूंना दोन शिल्पे कोरलेली आहेत : एकीकडे जीभ बाहेर आलेला, फासाला लटकलेला यहूदा, आणि दुसरीकडे त्याचा देह मेंढरासारखा खांद्यावर घेऊन चाललेला एक माणूस. तो माणूस कोण हे शिल्पकाराने लिहून ठेवलेले नाही. पण अनेकांनी त्याच्यात उत्तम मेंढपाळ पाहिला आहे, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी या शिल्पाविषयी वारंवार सांगितले होते.

पेत्राविषयी आपण विचारले आहे. दोघांच्या पापांची तुलना करून उत्तर मिळत नाही, कारण नाकारणे आणि धरून देणे यांत कमीजास्त ठरवले तरी यहूदालाही पस्तावा झालाच होता. मत्तय सांगतो की त्याने पैसे परत नेले आणि ‘मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केले’ अशी कबुलीही दिली. पाप ओळखले, कबूल केले, पैसे परत केले, आणि हे सारे त्याने ज्यांच्यापुढे केले ते देवाचे याजक होते. त्यांनी काय उत्तर दिले? ‘त्याचे आम्हांला काय? तुझे तूच पाहा.’ पेत्राच्या वाट्याला मात्र, लूकाच्या सांगण्याप्रमाणे, प्रभूचे वळून पाहणे आले. नंतर तो इतर शिष्यांमध्येच राहिला, आणि तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवाजवळ त्याला तीन वेळा विचारले गेले, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस का?’ यहूदा एकटा पडला आणि पेत्र एकटा पडला नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो. कर्जात बुडालेला, कोणाचे पैसे वापरून बसलेला तरुण जेव्हा आपल्यापाशी येतो, किंवा येण्याचे धाडस करू शकत नाही, तेव्हा आपल्या मंडळीत त्याला याजकांचे ते वाक्य ऐकू येते का, हे त्या वडीलधाऱ्यांनी आणि आपण सर्वांनीच स्वतःला विचारायचे आहे.

आईला मंदिरात येण्याचा आग्रह इतक्यात करू नका. फादरांना घरी बोलवा, त्या मुलाच्या नावाने मिस्साबली अर्पण करायला सांगा आणि ते नाव मोठ्याने वाचले जाऊ द्या. घरात आणखी कोणी तसाच खचलेला दिसत असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही त्याला न लाजता, उशीर न करता घेऊन जा.

प्रश्न : प्रभुभोजनापूर्वी आत्मपरीक्षण करावे असे दर महिन्याला सांगितले जाते. मी डोळे मिटून बसते, पण एक तर काहीच आठवत नाही, नाही तर लहानपणापासूनचे सारे आठवते आणि भाकर घेण्याची भीती वाटते. आत्मपरीक्षण नेमके करायचे कसे? — एक शिक्षिका, मिरज

उत्तर : ज्या वचनाच्या आधारे आपल्याला हे सांगितले जाते, ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि ते नेहमी अठ्ठाविसाव्या ओवीपासून वाचले जाते. विसाव्या ओवीपासून वाचा. करिंथच्या मंडळीत खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आपापले जेवण आधीच उरकून घेत; एक भुकेला राहतो तर दुसरा मस्त होतो, असे पौल लिहितो, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असे विचारतो. माणसाने स्वतःची परीक्षा करावी ही आज्ञा या संतापातून आलेली आहे. तेव्हा डोळे मिटून मनाच्या तळाशी काय आहे हे शोधण्याऐवजी, या महिन्यात माझ्यामुळे कोण उपाशी राहिले, कोणाचे देणे मी थकवले, घरकाम करणाऱ्या बाईंच्या पगारातून कोणत्या दिवसाचे पैसे कापले, असे विचारायला सुरुवात करा. आठवत नाही असे फार वेळ होणार नाही.

दुसऱ्या टोकाचा त्रास, म्हणजे सारे आयुष्य पुन्हापुन्हा उकरून काढणे, संत इग्नेशियस लोयोला यांनी स्वतः भोगला होता. १५२२ साली मान्रेसा येथे असताना ते तेच तेच पाप पुन्हापुन्हा कबूल करीत आणि तरीही शांती नसल्यामुळे जीव देण्याच्या विचारापर्यंत पोचले होते. पुढे त्यांनी आध्यात्मिक साधनेची जी पद्धत लिहिली, तिला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. तिच्यातील रोजच्या परीक्षणाची सुरुवात पापापासून होत नाही. आधी देवाच्या उपकारांबद्दल आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, त्यानंतर क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. याखेरीज एका वेळी एकच खोड निवडून तिच्यावर लक्ष ठेवण्याची त्यांची एक रीत आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन ओळी आखायच्या, एक सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंतची आणि दुसरी रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा ती चूक झाली तितके ठिपके त्या ओळीवर द्यायचे आणि कालच्याशी आजचे, मागच्या आठवड्याशी या आठवड्याचे ताडून पाहायचे. हजेरीपट भरणाऱ्या शिक्षिकेला हे अवघड जाऊ नये. मी प्रोटेस्टंट आहे, मला हे चालेल का, असे आपल्या मनात आले तर निःशंकपणे करा. कागदाच्या ओळींना कोणताही पंथ नसतो.

परीक्षणातून पैशाची बाब निघाली तर मात्र ठिपके देऊन भागणार नाही. जकातदार जक्कयाने प्रभूला जेवायला बसवून आपल्या पापांविषयी काय वाटते ते सांगितले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो, असा आकडा सांगितला. आपल्याला चौपट जमणार नाही कदाचित. जेवढे घेतले तेवढे परत करण्यापासून सुरुवात करा, आणि एकदा परत केले की ते पाप पुन्हा उकरू नका.

प्रश्न : आमचा तरुण संघ उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचे नाटक करतो. यहूदाची भूमिका करायला कोणी तयार नसते, कारण वर्षभर त्याच नावाने चिडवतात. या वर्षी आम्ही एका मुलाला काळे कपडे आणि बाकदार नाक लावून ती भूमिका दिली. लोकांना आवडली, पण एका ताईंनी आक्षेप घेतला. — संघाचा सचिव, अलिबाग

उत्तर : ताईंचा आक्षेप योग्य आहे. ते बाकदार नाक युरोपातून आले आहे. तेथे शतकानुशतके यहूदाचे सोंग यहूदी लोकांची टवाळी म्हणून रंगवले जाई, आणि त्या द्वेषाचे पुढे काय झाले ते जगाने पाहिले. प्रभूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांना किंवा आजच्या यहूद्यांना सरसकट देता येत नाही, असे कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. प्रभू यहूदी, पेत्र यहूदी, मरीया यहूदी; नाक मात्र एकट्या यहूदालाच का? आणि आपण तर अलिबागचे. मराठी बोलणारे यहूदी, म्हणजे बेने इस्राएल, ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, ते आपल्याच तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदले आहेत. त्यांच्यापैकी कोणी प्रेक्षकांत बसले असते तर?

नाट्यदृष्ट्याही हे सोंग चुकीचे आहे. शेवटच्या भोजनाची जुनी चित्रे पाहा. फ्लॉरेन्समधील कास्तान्यो आणि गिर्लांदायो यांच्या भित्तिचित्रांत सगळे शिष्य मेजाच्या एका बाजूला आहेत आणि यहूदा एकटा दुसऱ्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याला तो लगेच सापडावा. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात मिलानच्या मठातील भोजनगृहाच्या भिंतीवर तेच भोजन रंगवताना यहूदाला इतरांमध्येच बसवले, हातात थैली दिली आणि तो कोण हे शोधायचे काम पाहणाऱ्यावर सोपवले. शुभवर्तमानांशी हेच सुसंगत आहे. ‘तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल’ असे प्रभू म्हणाला, तेव्हा अकरा जणांतल्या एकानेही यहूदाकडे बोट दाखवले नाही. प्रत्येक जण विचारू लागला, ‘प्रभू, मी तो आहे का?’ यहूदा घास घेऊन बाहेर पडला तेव्हाही, सणासाठी काही विकत आणायला किंवा गरिबांना काही द्यायला गेला असेल, असेच त्यांना वाटले, कारण थैली त्याच्याकडे असे. बाकदार नाकाचा, काळ्या कपड्यांचा माणूस मेजावर बसला असता तर तो प्रश्न कोणी विचारलाच नसता.

तेव्हा पुढच्या वर्षी बाराही जणांना एकसारखे कपडे द्या. यहूदाला मेजाच्या मधोमध बसवा आणि पैशांची थैली पहिल्या प्रवेशापासून त्याच्या कमरेला असू द्या. त्या स्त्रियांनी थैलीत पैसे टाकण्याचा एक छोटा प्रसंगही घालता आला तर पाहा. चिडवण्यावर उपाय म्हणून ही भूमिका संघाच्या अध्यक्षांनी किंवा स्वतः पाळकसाहेबांनी करावी. पाठांतर मात्र वेळेवर सुरू करा, कारण बाराही जणांना ‘प्रभू, मी तो आहे का?’ हे वाक्य आपापल्या स्वरात म्हणायचे आहे, आणि तालमीत त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागेल.